बाळंतविड्यातलं नावाचं झबलं

गंगापूर, लासूर स्टेशन, वाळूज, कुठल्याही बारशाला जा. पाळण्याशेजारी भेटींचा ढीग लागलेला असतो आणि त्यात बाबासूटची खोकी सगळ्यांत जास्त निघतात. पारदर्शक झाकण, आत पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून बसवलेलं झबलं, टोपडं, हातमोजे, लाळेरं. आणणाऱ्याचा तसा दोष नसतो. घाईघाईत एसटी स्टँडवरून येता येता दुसरं काय मिळणार? पण ही खोकी बहुतेक एकाच मापाची असतात आणि तान्हं मूल कुणासाठी थांबत नाही. पाच महिन्यांच्या आसपास त्याचं वजन जन्माच्या दुप्पट होतं. मग न वापरलेली खोकी दिवाणात जातात आणि पुढच्या बारशाला दुसऱ्या घरी निघतात. एखादं खोकं फिरत फिरत मूळ घरी परत आल्याचंही ऐकिवात आहे.

त्याऐवजी आपल्या हाताने छापलेलं, बाळाचं नाव असलेलं एकच झबलं द्या. चित्रकला यायला हवी असं नाही; छापा, म्हणजे स्टेन्सिल, नीट कापता आला की निम्मं काम झालं. शिवता येत नसेल तर साधं, बिननक्षीचं सुती झबलं विकत घ्या किंवा शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडून शिवून घ्या. मात्र एक गोष्ट आधी मनाशी ठरवा: हा कपडा बारशाच्या फोटोपुरता करायचा, की लाळ, दूध, वरणभात सोसत पाच-सहा महिने रोज धुण्यासाठी? पुढचं सगळं दुसरा हेतू धरून सांगितलं आहे.

बाळंतविडा ही आपली जुनी पद्धत. बाळंतिणीला साडी-चोळी, डिंकाचे नाहीतर अळिवाचे लाडू; बाळाला झबलं, टोपडं, कुंची, दुपटं. त्यात नावाचं झबलं बसवायचं तर पहिली अडचण नावाचीच. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते, पाठीत धपाटे खाते, आणि तोवर नाव बाहेर फुटू देत नाहीत. तुम्हीच आत्या असाल तर प्रश्नच नाही, तुमच्याइतकी सोय कुणालाच नाही. बाकीच्यांनी आगाऊ नाव काढून घ्यायच्या भानगडीत पडू नये. बारशाला दुपटं द्यावं, त्याच्या कोपऱ्यावर एखादी चिमणी नाहीतर कमळ छापावं, आणि नावाचं झबलं महिन्या-दीड महिन्याने निवांत घरी जाऊन द्यावं. तोवर भेटींचा ढीग ओसरलेला असतो आणि बाळंतिणीलाही बोलायला सवड असते. बाळ जन्मण्याआधी कपडे शिवायचे नाहीत, असं अनेक घरांत मानतात. तेही यात आपोआप सांभाळलं जातं.

पत्रिकेतलं नावरस नाव छापू नका, हाक मारायचं नाव छापा. आणि ते आईबाप कसं लिहितात हे विचारून घ्या. इरा की ईरा, ओवी की ओव्ही, यावर घरात आधीच एक चर्चा होऊन गेलेली असते. तुमच्या झबल्यावरून ती पुन्हा उकरली जायला नको.

माप सहा महिन्यांचं घ्या. झबलं सपाट अंथरून छातीला २७-२८ सेंटिमीटर आणि उंचीला ३६ सेंटिमीटर धरलं की जरा सैल, पण बरोबर होतं. छत्तीस इंची पन्ह्याच्या एक मीटर कापडात बिनबाह्यांची दोन झबली आणि एक टोपडं आरामात निघतं. बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा ऋतू कोणता असेल, हेही बोटांवर मोजा. श्रावणात जन्मलेलं बाळ माघात सहा महिन्यांचं होतं, त्याला पहाटेची थंडी असते. दिवाळीनंतर जन्मलेल्याच्या वाट्याला वैशाखातलं ऊन येतं. त्या उन्हात बाह्यांचं जाड झबलं कोणी घालणार नाही, त्यावर नाव कितीही सुबक असो.

कापूस आपल्याच तालुक्यात पिकतो, पण कापड होऊन तो गंगापुरात परत येत नाही. जिनिंगमधून गाठी बाहेर जातात आणि दुकानात इचलकरंजीचं पॉपलिन, कॅम्ब्रिक येतं, होजिअरी तिरुपूरची येते. छापायला सगळ्यांत सोपं कॅम्ब्रिक, अंगाला सगळ्यांत मऊ मलमल. होजिअरी ताणली जाते आणि तिच्यावरचा रंगाचा जाड थर पुढे तडकतो. तिच्यावर छापायचंच असेल तर अगदी पातळ थर द्या आणि छापताना कापड ओढून धरू नका. टेरिकॉट किंवा नायलॉन मिसळलेलं कापड नकोच. त्याला रंग धरत नाही आणि रंग पक्का व्हायला लागणारी गरम इस्त्रीही सोसत नाही.

माझं मत विचाराल तर सगळ्यांत उत्तम कापड दुकानात मिळतच नाही. आजोबांचं वापरून मऊ झालेलं धोतर किंवा आजीची सुती साडी. शेकडो धुण्यांत त्यातली खळ कधीच निघून गेलेली असते, त्यामुळे ते अंगाला टोचत नाही आणि रंगही झटकन पितं. फक्त उजेडासमोर धरून विरलेली जागा टाळा.

कापड नवं असेल तर आधी धुवा. खळ राहिली तर रंग धाग्यात शिरत नाही, खळीवर बसतो आणि दोन धुण्यांत तिच्याबरोबर निघून जातो. तपासायची सोपी रीत: धुऊन वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा वर बसून राहिला तर खळ अजून आहे, लगेच पसरला तर कापड तयार आहे. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा घासून बघा. धुताना कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव्य घालू नका, त्यानेही रंग नीट धरत नाही.

आता छापा. घरात जुनी एक्स-रे फिल्म असतेच, म्हणून बरेच जण तिच्यावरच कापतात. बाळाच्या कपड्याला मी ती टाळेन. तिच्यावरचा काळा थर चांदीच्या सूक्ष्म कणांचा असतो आणि तो खरवडून काढण्याचा उपद्व्याप कशाला? झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीट मिळते, नाही मिळाली तर रिकामी लॅमिनेशन शीट दुकानदाराकडून मशीनमधून काढून घ्या. खाली जाड पुठ्ठा ठेवा, पेपर कटरला नवं पातं लावा. बारीक भोकं आधी, मोठी नंतर कापायची. वळण आलं की पातं वळवायचं नाही, शीट फिरवायची. एवढं पाळलं की कडा आपोआप गुळगुळीत येते.

खरी गंमत आपल्या अक्षरांत आहे. छाप्यात अक्षराची जागा कापून टाकायची असते, त्यामुळे अक्षरातला जो भाग चारी बाजूंनी बंद आहे तो गळून हातात येतो. ‘व’ चा डोळा, ‘ब’ चा डोळा, ‘ठ’ चं वाटोळं पोट. हे टाळायला मध्ये दोन-तीन मिलिमीटरचा पूल ठेवावा लागतो. देवनागरीत त्यावर शिरोरेषा येते, आणि ती एकदा ओढली की उघडी अक्षरंसुद्धा वरून बंद होतात. ‘समर’ हे नाव घ्या. शिरोरेषेसकट कापलं तर ‘स’ च्या पोटातली आणि ‘म’ च्या दोन दांड्यांमधली जागा, दोन्ही गळून पडतात. शिरोरेषा न कापता नुसती अक्षरं कापली तर एकही तुकडा गळत नाही. ‘म’ ची गाठ भरीव ठेवली की झालं. ‘आरव’ मध्येही तेच. शिरोरेषेसकट दोन तुकडे सुटतात, ती वगळली तर फक्त ‘व’ चा डोळा उरतो.

म्हणून शिरोरेषा छाप्यात कापूच नका. तिच्या जागी चार मिलिमीटरची प्लास्टिकची सलग पट्टी तशीच राहू द्या. खाली अक्षरं, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. ही पट्टी सगळ्या नावाला धरून ठेवते, छापा लवलवत नाही. अक्षरं छापून पूर्ण वाळली की मोकळ्या राहिलेल्या जागेच्या वर एक आणि खाली एक अशा मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा आणि मधल्या फटीत रंग ठोका. शिरोरेषा सुतात सरळ येते. ज्यांना सुईचा हात आहे त्यांनी ती रंगाऐवजी साखळी टाक्याने भरावी. रंगीत अक्षरांवर दोऱ्याची शिरोरेषा इतकी शोभते की रंगाची नंतर फिकी वाटायला लागते. मात्र मागच्या गाठी बाळाला टोचू नयेत म्हणून आतून मलमलची पट्टी लावा.

ज्यांना पूल अजिबात नको आहेत त्यांनी रेडियमवाल्याकडे जावं. मोटारसायकलच्या टाकीवर ‘आईची कृपा’ कापून देणारा माणूस तुमच्या भाच्याचं नावही कापून देईल. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा. एक, मला अक्षरं नकोत, अक्षरं काढून उरलेला बाहेरचा स्टिकर हवा. दोन, अक्षरांच्या आतले डोळे फेकू नका, वरच्या ट्रान्सफर टेपला चिकटलेले राहू द्या. असा स्टिकर कपड्यावर दाबून बसवला की डोळे जागच्या जागी येतात आणि रंग कडेखाली घुसत नाही. एका स्टिकरचं एकच काम होतं, पण एका बाळाला तेवढं पुरतं.

जपानात किमोनो छापण्यासाठी कागदी छापे कापण्याची मोठी परंपरा आहे. इसे प्रांतातले हे कारागीर तेंदूच्या जातीतल्या एका फळाच्या रसात कागद मुरवून तो पाण्याला टिकेल असा करत, आणि नक्षीतले सुटे तुकडे जागेवर राहावेत म्हणून कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमाचे धागे ताणून बसवत. धागा इतका बारीक की रंग त्याच्या बाजूने खाली उतरतो आणि कापडावर त्याची खूण उठत नाही. आपल्याला ही युक्ती घरात करता येते. सुटा पडलेला ‘व’ चा डोळा मच्छरदाणीच्या तुकड्यावर फेविक्विकने चिकटवा, जाळी छाप्याच्या मागे लावा, आणि रंग ठोका.

नक्षीसाठी फोनवरची कार्टून शोधत बसू नका. तो अस्वलाचा चेहरा प्रत्येक बाबासूटवर असतो. आपल्या जिल्ह्यात याहून चांगलं खूप आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर सगळ्यांना सुचतो, पण त्याच्या पिसाऱ्यात रेघा फार, एवढ्याशा झबल्यावर त्याचा चिखल होतो. मुनिया घ्या. अंग, पंख आणि चोच, तीन तुकड्यांत पोपट उभा राहतो. नारळी काठ तर त्रिकोणांची रांगच आहे, झबल्याच्या घेराला एकदा कापलेला छापा सरकवत सरकवत गोल फिरवता येतो. आणि १६६० च्या सुमारास बांधून झालेल्या बीबी का मकबऱ्याला गेलात तर आतल्या संगमरवरी जाळ्यांचे फोटो काढून आणा. जाळी एका फरशीतून कोरलेली असते, तिच्यात सुटा तुकडा असूच शकत नाही, नाहीतर तो तेव्हाच खाली पडला असता. म्हणजे प्रत्येक जाळी हा तयार छापा आहे. दगड म्हणजे प्लास्टिक, भोकं म्हणजे रंग. त्यातला एकच चौकोन दुपट्याच्या कोपऱ्यावर छापला तरी पुरे.

रंगाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. पाण्यात मिसळणारे फॅब्रिक कलर घ्या. फेविक्रिल आणि कॅमल स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, जास्त छटा हव्या असतील तर संभाजीनगरला औरंगपुऱ्याकडे चक्कर टाका. (कॅमल म्हणजे दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कॅम्लिन. आपल्या कंपासपेटीतलं ते नाव २०११ पासून जपानच्या कोकुयो कंपनीच्या मालकीत आहे.) दाराला लावून उरलेला ऑइलपेंट, स्प्रेचा डबा, शाळेचे वॉटर कलर यांतलं काहीही बाळाच्या कपड्याला लावू नये. सुट्या पुडीतला बिननावाचा कापडाचा रंगही नको. काही अ‍ॅझो रंगांतून कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं सुटतात म्हणून आपल्या सरकारने १९९७ मध्ये अशा ७० रंगांवर बंदी घातली, पण पुडीवर काहीच छापलेलं नसेल तर आत काय आहे हे तुम्हाला कोण सांगणार? चमकी, आरसे, मणी, फुगून वर येणारा थ्रीडी लायनर, हे सगळं मोठ्या मुलांसाठी ठेवा. सहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं.

त्याच कारणाने छापायची जागा विचार करून निवडा. गळ्याखाली लाळ गळते आणि तीच बाजू बाळ चोखतं. पाठीवर ते निजतं. उरतो तो समोरचा खालचा भाग, घेरापासून दोन-तीन बोटं वर, डावीकडे किंवा उजवीकडे. नाव साडेतीन सेंटिमीटर उंचीचं पुरे. मोठा भरीव गोळा छापला की कापड तिथे ताठ होतं, हवा खेळत नाही आणि उन्हाळ्यात त्याच जागी घामोळ्या येतात.

छापताना झबल्याच्या आत पुठ्ठा घाला, नाहीतर रंग मागच्या बाजूला उतरतो. पुठ्ठ्यावर स्वच्छ पांढरा कागद ठेवा; वर्तमानपत्राची शाई कापडाला लागते. छापा मास्किंग टेपने चारी बाजूंनी बसवा. भांडी घासायचा नवा स्पंज कापून त्याचा अंगठ्याएवढा तुकडा घ्या, रंगात टेकवा आणि जुन्या फडक्यावर सात-आठ वेळा ठोकून जवळजवळ कोरडा करा. इथेच बहुतेकांचं चुकतं. रंग पातळ करायला पाणी घालतात, स्पंज भिजवतात आणि मग कडा फुटल्या म्हणून छाप्याला बोल लावतात. रंगात पाणी घालायचं नाही. स्पंज घासायचा नाही, वरून सरळ ठोकायचा, आणि आधी छाप्याच्या प्लास्टिकवर ठोकत कडेकडून आत यायचं. पहिला थर दिसेल न दिसेल असा. पाच-दहा मिनिटांनी दुसरा. दुसरा ओला असतानाच छापा दोन्ही हातांनी सरळ वर उचला, सरकवू नका. पुढच्या छापाआधी त्याची मागची बाजू पुसून घ्या.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे स्पंजावरचा रंग बघता बघता वाळतो. सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा, रंग झाकणात थोडा थोडाच काढा. आणि झबल्याला हात लावण्याआधी त्याच कापडाच्या तुकड्यावर एकदा पूर्ण नाव छापून बघा. एखादा ठिपका भलतीकडे पडलाच तर खाली फडकं धरून ओल्या कापसाने लगेच टिपा. वाळला तर तो निघत नाही. मग तिथे एक पान छापायचं आणि दोन पानं मुद्दाम दुसरीकडेही, म्हणजे ते आधीपासूनच ठरलेलं वाटतं.

बोरनहाणाचं काळं झबलं हा वेगळा प्रकार. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाळाला काळं नेसवून हलव्याचे दागिने घालतात, त्यामुळे त्यावर पतंग, तिळगूळ, बोरं फार खुलतात. पण काळ्या कापडावर कोणताही रंग पोटात जातो. आधी पांढऱ्याचा थर द्या, तो पूर्ण वाळू द्या, छापा अजिबात न हलवता त्यावर हवा तो रंग द्या. आणि काळं कापड पांढऱ्या दुपट्याबरोबर भिजवू नका, असं बाळाच्या आजीला आठवणीने सांगा.

छापून झालं की कपडा दिवसभर सावलीत सपाट ठेवा. दुसऱ्या दिवशी उलटा करून सुती फडक्याखाली, वाफ बंद ठेवून, सुती कापडाच्या उष्णतेवर चार-पाच मिनिटं इस्त्री फिरवत राहा. एकाच जागी दाबून ठेवलीत तर डाग पडतो. बाटलीवर कंपनीने वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. पावसाळ्यात वाळायला जास्त वेळ द्या. इस्त्रीवाल्याकडे देणार असाल तर उलट्या बाजूने करा हे सांगितल्याशिवाय देऊ नका. त्यानंतर तीन दिवस पाणी लावायचं नाही.

तान्ह्याचे कपडे उकळत्या पाण्यात घालायची अनेक घरांत सवय असते. छापाच्या कपड्याला ते मानवत नाही. कोमट पाणी, साधा साबण, कपडा उलटा करून हाताने धुणं, उलटाच वाळत घालणं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून झबल्याच्या नाडीला बांधा. टाचणी लावू नका.

आणि पहिलं धुणं तुम्हीच धुवा. रंग सुटणार असेल तर तो तुमच्या बादलीत सुटू दे, बाळंतिणीच्या नको. धुऊन, वाळवून, हलकी इस्त्री करून साध्या कागदात गुंडाळून द्या. दुकानाची घडी आणि पारदर्शक झाकण नसलं तरी चालेल, बाळाला ते त्याच दिवशी घालता येईल.